शेवटच्या ओळीचा निबंध

'अनेक देशांत तरुण मंडळी गाव सोडून मोठ्या शहरांकडे जात आहेत.' आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाच्या पेपरात अशा धर्तीचं एखादं विधान असतं आणि त्याच्याखाली एक ओळ. ती ओळ कधी विचारते, असं का घडतं आणि त्यावर उपाय काय? कधी विचारते, हा बदल चांगला की वाईट? कधी विचारते, याचे फायदे तोट्यांहून मोठे आहेत का? वरचं विधान तेच राहतं, पण खालची ओळ बदलली की पूर्ण निबंध बदलावा लागतो. कोणता परिच्छेद कुठे येणार, मत कधी मांडायचं, उदाहरण कशासाठी द्यायचं, हे सगळं त्या ओळीवर ठरतं. एका ओळीचं उत्तर दुसऱ्या ओळीखाली लिहिलं, तर इंग्रजी कितीही सफाईदार असलं तरी गुण जातात.

दरवर्षी महाराष्ट्रातली हजारो मुलं-मुली ही परीक्षा देतात. पुण्यात डेक्कन परिसरात, मुंबईत दादर-ठाण्यात, नाशिक, नागपूर, कोल्हापुरात तयारी करून घेणाऱ्या क्लासच्या पाट्या ठळकपणे दिसतात. त्या क्लासमध्ये निकालाच्या दिवशी एक तक्रार हमखास ऐकू येते: बाकी सगळं छान झालं, राइटिंगमध्ये अडकलं. ऐकण्यात साडेसात बँड (या परीक्षेत गुण बँडमध्ये मिळतात), वाचनात सात, बोलण्यात साडेसहा आणि लेखनात साडेपाच. ही तक्रार फक्त आपल्याकडची नाही. जगभरातल्या परीक्षार्थींची सरासरी पाहिली, तर चार कौशल्यांत लेखन सातत्याने तळाशी असतं. बहुतेकांना वाटतं, आपलं व्याकरण कच्चं, शब्दसंपत्ती अपुरी. मग शब्दांच्या याद्या पाठ होतात, पुन्हा सतरा-अठरा हजारांच्या घरातली फी भरली जाते आणि पुन्हा तोच आकडा येतो. खरी अडचण बऱ्याचदा वेगळीच असते. काय विचारलंय ते न पाहताच लिहायला सुरुवात झालेली असते.

अर्ध्या बँडची किंमत

ब्रिटिश कौन्सिल, ऑस्ट्रेलियाची आयडीपी ही कंपनी आणि केंब्रिज हे आयईएलटीएसचे तीन भागीदार. १९८० च्या ईएलटीएस या परीक्षेतून १९८९ मध्ये ही परीक्षा घडली. भारतातलं ब्रिटिश कौन्सिलचं या परीक्षेचं कामकाज २०२१ मध्ये आयडीपीने विकत घेतलं, तेव्हापासून इथे ती आयडीपीच घेते. सुरुवातीच्या रूपात परीक्षार्थीच्या विद्याशाखेनुसार वेगवेगळे पेपर असत आणि लेखनाचा प्रश्न वाचनातल्या उताऱ्यांशी जोडलेला असे. १९९५ च्या फेरबदलात शाखांनुसार असलेले पेपर गेले आणि वाचन-लेखनातला हा दुवाही तुटला. तेव्हापासून निबंधाचा विषय असा निवडला जातो की डॉक्टर, इंजिनीअर, शिक्षक, कुणालाही विशेष ज्ञानाशिवाय त्यावर लिहिता यावं. म्हणूनच विषय ओळखीचे असतात: शहरं, शिक्षण, पर्यावरण, मोबाइल, म्हाताऱ्या माणसांची काळजी. विषय ओळखीचा असल्यामुळेच घात होतो. मुलाला वाटतं, यावर आपल्याला खूप माहीत आहे. आणि तो माहीत असलेलं सगळं लिहून मोकळा होतो.

लेखनाचा पेपर साठ मिनिटांचा. त्यात दोन कामं. पहिलं किमान १५० शब्दांचं: उच्च शिक्षणासाठी परीक्षा देणाऱ्यांना आलेख, तक्ता किंवा नकाशा यांचं वर्णन, 'जनरल ट्रेनिंग' या दुसऱ्या प्रकारात बसणाऱ्यांना पत्र. दुसरं काम म्हणजे किमान २५० शब्दांचा निबंध. क्लासमध्ये सगळे त्याला 'टास्क टू' म्हणतात. त्यासाठी चाळीस मिनिटं सुचवलेली असतात आणि त्याला पहिल्या कामाच्या दुप्पट वजन असतं.

निबंध चार निकषांवर तपासला जातो आणि चारही निकष सारख्याच महत्त्वाचे आहेत. विचारलेल्याला उत्तर दिलं आहे का, मांडणी सलग आहे का, शब्दांची निवड कशी आहे आणि व्याकरणात वैविध्य व अचूकता किती आहे. पहिल्या निकषाला 'टास्क रिस्पॉन्स' म्हणतात. परीक्षेच्या आयोजकांनी या चारही निकषांची बँडनिहाय वर्णनं जाहीर केलेली आहेत आणि कुणालाही ती फुकट वाचता येतात. त्यात लिहिलेलं साधं आहे. प्रश्नाच्या मुख्य भागांना योग्य उत्तर मिळालं, भूमिका स्पष्ट आणि विकसित असली तर सात. मुख्य भाग हाताळले, पण काही भागांना कमी न्याय मिळाला तर सहा. अर्धवट उत्तर असेल तर पाच. उत्तर विषयाच्या कडेकडेने गेलं तर चार.

आता हिशेब करा. एका मुलीची भाषा, व्याकरण आणि मांडणी तिन्ही सातच्या दर्जाची आहे, पण प्रश्नाचा निम्मा भाग तिने सोडला. पहिल्या निकषात तिला पाच मिळाले, तर चार निकषांची सरासरी साडेसहा होते. प्रत्यक्षात नुकसान याहून जास्त होतं, कारण उत्तराची दिशा चुकली की परिच्छेदांची साखळीही विस्कटते आणि दुसरा निकषही खाली येतो.

हा अर्धा बँड लहान नसतो. कॅनडात स्थायिक होण्यासाठीच्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीत एकट्या अर्जदाराला लेखनात साडेसहासाठी २३ गुण मिळतात आणि सातसाठी ३१. शिवाय शिक्षण आणि अनुभवाला जोडून मिळणारे वाढीव गुण पूर्ण पदरात पडायचे, तर चारही कौशल्यांत ती वरची पायरी गाठावी लागते. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये विद्यार्थी व्हिसासाठीची किमान अट साडेपाचवरून सहावर नेली. ब्रिटनच्या परिचारिका परिषदेने डिसेंबर २०१८ पासून लेखनाची अट सातवरून साडेसहावर आणली. ऐकणं, वाचणं, बोलणं यांची सातची अट मात्र तशीच ठेवली. परदेशी परिचारिकांची अडचण नेमकी कुठे होती, हे त्या एका बदलावरून कळतं.

एक विषय, सहा कामं

प्रश्नपत्रिकेवर 'हा अमुक प्रकारचा प्रश्न' असं लिहिलेलं नसतं. प्रकारांची नावं शिकवणाऱ्यांनी आणि पुस्तकं लिहिणाऱ्यांनी पाडली आहेत, म्हणून कुठे पाच प्रकार सांगतात, कुठे सहा. नावांना महत्त्व नाही. प्रत्येक प्रकार डोक्याकडून वेगळं काम मागतो, ते ओळखायला हवं. गाव सोडून शहराकडे जाणाऱ्या तरुणांचा विषयच धरून एकेक प्रकार पाहू.

पहिला मताचा. 'सरकारने शहरांऐवजी खेड्यांवर जास्त पैसा खर्च करावा. तुम्ही कितपत सहमत किंवा असहमत आहात?' ओळखीची खूण म्हणजे 'टू व्हॉट एक्स्टेंट डू यू अग्री ऑर डिसअग्री'. इथे भूमिका हवी. ती पहिल्याच परिच्छेदात दिसावी आणि शेवटपर्यंत तीच राहावी. पूर्ण सहमती, पूर्ण असहमती आणि मर्यादित सहमती, तिन्ही चालतात. पण मर्यादित सहमतीची मर्यादा सांगावी लागते: खेड्यांतले रस्ते, शाळा आणि दवाखाने यांवर जास्त खर्च व्हावा हे मान्य, पण शहरांच्या पाणीपुरवठ्यातून पैसा काढून नको. इतकं सांगितलं की भूमिका पक्की झाली. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं लिहून शेवटी 'प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात' असं म्हणणाऱ्याने उत्तर दिलेलंच नसतं. आपल्या मुलांकडून हे फार होतं, कारण ठाम बोलणं उद्धटपणाचं समजलं जाईल अशी भीती त्यांना वाटते. परीक्षकाला मत पटलं पाहिजे असं अजिबात नाही. ते स्पष्ट आणि कारणांसह आलं आहे का, एवढंच तो पाहतो.

दुसरा दोन मतांचा. 'काहींच्या मते तरुणांनी आई-वडिलांजवळ गावातच राहावं. इतरांना वाटतं, प्रगतीसाठी शहर गाठायलाच हवं. दोन्ही मतांची चर्चा करा आणि स्वतःचं मत द्या.' खूण: 'डिस्कस बोथ व्ह्यूज अँड गिव्ह युवर ओन ओपिनियन'. इथे कामं तीन आहेत: पहिलं मत, दुसरं मत, स्वतःचं मत. तिसरं काम विसरणं ही या प्रकारातली सर्वांत महाग चूक. दुसरी चूक म्हणजे न पटणाऱ्या बाजूला एका वाक्यात उडवून लावणं. त्या बाजूचे लोक असं का म्हणतात, त्यामागे कोणता अनुभव आहे, हे प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय चर्चा होत नाही.

तिसरा फायद्या-तोट्यांचा. त्याचीही दोन रूपं आहेत आणि बरीच मुलं इथेच गोंधळतात. 'फायदे आणि तोटे सांगा' असं असेल, तर दोन्ही समतोल मांडले की काम झालं. पण 'डू द अ‍ॅडव्हांटेजेस आउटवे द डिसअ‍ॅडव्हांटेजेस' असं असेल, तर तराजू हातात घ्यावा लागतो. तीन फायदे आणि दोन तोटे मोजले म्हणून फायदे जड ठरत नाहीत. शहरात पगार जास्त मिळतो, शिक्षणाच्या सोयी असतात, नवी ओळख होते. पण मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आई-वडिलांना रात्री दवाखान्यात नेणारं कुणी नाही, हा एकच तोटा त्या तिन्ही फायद्यांहून भारी पडू शकतो. तो का भारी, हे सांगणं म्हणजेच या प्रश्नाचं उत्तर.

चौथा कारणांचा आणि उपायांचा. 'असं का घडतं? काय करता येईल?' इथे जोडी जुळली पाहिजे. कारण सांगितलं शेतीत पाणी नाही हे आणि उपाय सांगितला शहरातली घरभाडी कमी करा, तर दोन्ही वाक्यं खरी असूनही निबंध तुटतो. 'सरकारने जनजागृती करावी' हा उपाय तर प्रत्येक समस्येला चिकटवला जातो आणि म्हणून कोणत्याच समस्येला लागू पडत नाही. कारण आणि परिणाम यांची सरमिसळ हा इथला आणखी एक खड्डा. गाव ओस पडणं हा स्थलांतराचा परिणाम; प्रश्नाने कारण विचारलं असेल तर त्याला जागा नाही.

याच प्रकारात महाराष्ट्रातल्या मुलांच्या हाती खजिना आहे. प्रश्नाखाली एक सूचना कायम असते: स्वतःच्या ज्ञानातून किंवा अनुभवातून समर्पक उदाहरणं द्या. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबं ज्याने पाहिली आहेत, त्याला हंगामी स्थलांतर म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार एकेकाळी दुष्काळाने रिकामं होत चाललेलं गाव. पोपटराव पवार सरपंच असताना तिथे पाणलोटाची कामं झाली, जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर आणि शेतीसाठीच्या बोअरवेलवर बंधनं आली आणि बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. पवारांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. कारण पाणी, उपायही पाणी: जोडी कशी जुळते, याचं याहून चांगलं उदाहरण शोधायला लांब जायला नको. परीक्षकाला ते गाव माहीत असण्याची गरज नाही. गाव कुठलं, तिथे काय झालं, हे एका वाक्यात सांगितलं की पुरतं.

पाचवा बदलाच्या मोलाचा: 'हा बदल सकारात्मक की नकारात्मक?' हा फायद्या-तोट्यांचा जवळचा नातेवाईक, आणि इथेही निवाडा द्यावा लागतो. कुणासाठी चांगला, कुणासाठी वाईट, हे विचारलं की निबंधाला खोली येते. तरुण मुलीला शहरात स्वतःची कमाई मिळते. गावच्या शाळेत मात्र पटसंख्या घटते. दोन्ही मांडून, एकूण पाहता कल कोणता, ते लिहायचं.

सहावा दोन थेट प्रश्नांचा. 'तरुणांना शहर का आवडतं? गावात राहून समाधानी आयुष्य शक्य आहे का?' प्रश्न दोन, तर उत्तरं दोन, आणि दोन्हींना जवळपास सारखी जागा. पहिला प्रश्न सोपा वाटतो म्हणून त्यावर दोनशे शब्द जातात आणि दुसऱ्याला दोन वाक्यं उरतात. तसं झालं की सहाच्या पुढे जाणं अवघड.

सर्व प्रकारांना लागू असलेली एक गोष्ट राहिली. विधानातले टोकाचे शब्द हेरायला शिका. 'खेडी वाचवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे उद्योग आणणं' या विधानात खरी लढाई 'एकमेव' या शब्दाशी आहे. उद्योगांचे फायदे चार परिच्छेदांत सांगितले आणि दुसरा मार्ग आहे की नाही याचा विचारच केला नाही, तर प्रश्न तसाच उरतो. 'सर्व', 'नेहमी', 'सर्वोत्तम' हे शब्द प्रश्न काढणाऱ्याने विचारपूर्वक ठेवलेले असतात.

साच्यांचा बाजार

या प्रकारांची माहिती आता कुठल्याही मोबाइलवर मिळते. त्याबरोबर तयार साचेही मिळतात. कोणताही विषय घाला, निबंध तयार, असं त्यांचं आश्वासन असतं. सुरुवातीची तीन वाक्यं ठरलेली, शेवटची दोन ठरलेली, मध्ये रिकाम्या जागा. अनेक क्लासमध्ये हेच शिकवलं जातं, कारण एका तुकडीला सहा आठवड्यांत विचार करायला शिकवण्यापेक्षा साचा पाठ करून घेणं सोपं असतं. परीक्षकांना मात्र पाठ केलेली भाषा ओळखण्याचं प्रशिक्षण असतं. रोज तेच वाक्य वाचणाऱ्या माणसाला ते ओळखायला वेळ लागत नाही. शिवाय घोटून पाठ केलेल्या भारदस्त वाक्यांच्या शेजारी मुलाची स्वतःची साधी, चुकतमाकत आलेली वाक्यं बसली की फरक आणखी उठून दिसतो.

याहून वाईट सवय म्हणजे खोटे दाखले. अमुक विद्यापीठाच्या संशोधनानुसार सत्तर टक्के लोक असे वागतात, हे वाक्य मुलांना बेधडक लिहायला सांगितलं जातं. परीक्षक आकडा पडताळून पाहत नाही हे खरं. पण अशा आकड्याने गुणही वाढत नाहीत. आणि ज्या विद्यापीठात जाण्यासाठी हा खटाटोप चालला आहे, तिथे खोटा संदर्भ देणं हा गंभीर गुन्हा मानतात. प्रवेशाच्या दारातच मुलांच्या हातात खोटं देणं मला अजिबात मान्य नाही. आपल्या गल्लीत, घरात, गावात पाहिलेलं खरं उदाहरण त्या आकड्यापेक्षा केव्हाही सरस.

बाकीच्या परीक्षा

परीक्षा बदलली की प्रश्नाची रीतही बदलते. इंग्रजीचीच टोफेल ही परीक्षा १९६४ पासून आहे, पण लेखनाची वेगळी चाचणी तिला १९८६ मध्ये जोडली गेली. तीस मिनिटांत स्वतःचं मत मांडणारा तिचा स्वतंत्र निबंध पुढे बरीच वर्षं टिकला. जुलै २०२३ मध्ये तो गेला आणि त्याच्या जागी वर्गातल्या चर्चेचा प्रश्न आला: प्राध्यापकांचा एक प्रश्न, दोन विद्यार्थ्यांची मतं, आणि दहा मिनिटांत किमान शंभर शब्दांत आपली भर. इथे आधीच्या दोघांनी काय म्हटलं आहे ते वाचून, त्यात नवीन काही जोडावं लागतं. पाठ केलेला निबंध तिथे चिकटवणं कठीण.

पीटीई अकॅडेमिक २००९ पासूनची. तिचा निबंध वीस मिनिटांत, दोनशे ते तीनशे शब्दांचा. तिथे शब्दमर्यादेला फार महत्त्व आहे. उत्तर फारच आखूड किंवा फारच लांब झालं, किंवा विषयच सुटला, तर बाकीच्या गुणांचा विचारही होत नाही. परिचारिका आणि डॉक्टरांसाठीच्या ओईटीमध्ये निबंधच नाही. रुग्णाच्या नोंदी वाचून दुसऱ्या आरोग्यसेवकाला साधारण दोनशे शब्दांचं पत्र लिहायचं. नोंदींतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हीच तिथली परीक्षा. प्रत्येक ठिकाणी रूप वेगळं, पण मागणी एकच: कोणासाठी, कशासाठी, काय विचारलं आहे ते आधी ठरवा.

आयईएलटीएसच्या निबंधावर टीकाही झाली आहे. मूर आणि मॉर्टन या ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी विद्यापीठातल्या लेखनाशी त्याची तुलना केली. विद्यापीठात संदर्भ वाचून त्यांच्या आधारे लिहावं लागतं. इथे मात्र डोक्यात आधीच असलेल्या माहितीवर मत मांडायचं असतं. त्यामुळे हा निबंध विद्यापीठीय लेखनापेक्षा सार्वजनिक मतप्रदर्शनाच्या जवळचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष. वृत्तपत्रांतली वाचकांची पत्रं वाचत आलेल्या मराठी माणसाला हा निष्कर्ष लगेच समजेल. टीका योग्य आहे. पण नेमकं उत्तर देण्याची सवय विद्यापीठातही उपयोगी पडते आणि नोकरीतही, म्हणून तयारी वाया जात नाही.

आपल्याकडे हे होतं

प्रश्नाला प्रश्न म्हणून सामोरं जाणं आपल्या परंपरेला परकं नाही. शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष येतो. समोरच्याचं म्हणणं शक्य तितक्या ताकदीने मांडायचं, मग त्याचं खंडन, मग सिद्धान्त. दोन मतांची चर्चा करून स्वतःचं मत द्या, ही मागणी त्याहून फार वेगळी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि आगरकरांचा 'सुधारक' १८८८ मध्ये निघाला, तेव्हापासून मराठीत वाद घालणारा निबंध आहे. महाविद्यालयांतल्या वादविवाद स्पर्धांनी तो बोलण्यातही जिवंत ठेवला.

शाळेत मात्र आपण मुलांना विषय देतो, प्रश्न देत नाही. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'माझा आवडता ऋतू', 'मी पंतप्रधान झालो तर'. वर्णन आणि कल्पना यांना शालेय लेखनात जागा हवीच, कारण भाषेची गोडी तिथेच लागते. पण वैचारिक निबंधही आपण वर्णनासारखाच लिहून घेतो. 'मोबाइल: शाप की वरदान' हा प्रश्न निवाडा मागतो. आपली मुलं दोन्ही बाजूंची यादी देतात आणि वापरणाऱ्यावर सगळं अवलंबून आहे असं म्हणून थांबतात, आणि आपण त्यांना पैकीच्या पैकी गुण देतो. पुढे दहा-बारा वर्षांनी तीच मुलं 'आउटवे'च्या प्रश्नासमोर तेच करतात आणि साडेपाचवर अडकतात. इंग्रजी माध्यमाची मुलंही याला अपवाद नाहीत, कारण उणीव भाषेची नाहीच.

म्हणून तयारी करणाऱ्यांना माझं सांगणं आहे. चाळीस मिनिटांतली पहिली पाच मिनिटं लेखणी खाली ठेवा. शेवटची ओळ वाचा, तिच्यात किती कामं आहेत ते मोजा आणि प्रत्येक कामाचं उत्तर एकेका वाक्यात मराठीत लिहा. ती वाक्यं सुचली नाहीत, तर इंग्रजीत काहीही लिहून उपयोग नाही. सुचली, तर पुढची तीस मिनिटं त्यांचाच विस्तार आणि शेवटची पाच तपासणीची. रोज एक पूर्ण निबंध लिहिण्यापेक्षा रोज चार प्रश्नांचे असे आराखडे करा. फायदा लवकर दिसेल. आणि मराठीच्या शिक्षकांना विनंती: सहावी-सातवीपासून महिन्यातून एकदा विषयाऐवजी प्रश्न द्या, मुलाने स्पष्ट भूमिका घेतली आणि कारण दिलं की ती तुम्हाला पटो न पटो, गुण द्या. परदेशी जाणाऱ्या मोजक्या मुलांपेक्षा इथेच राहून ग्रामसभेत, कचेरीत, न्यायालयात आपलं म्हणणं मांडणाऱ्यांना त्याचा जास्त उपयोग होईल.